चार नंबरची बाटली

नीएनकोग, ९ सप्टेंबर २०१८

मोइन लेव्हके,

फोनवर तुला काही विचारलं की तू "तसं पाहिलं तर" म्हणून सुरू करतेस आणि "पण दुसऱ्या बाजूने" म्हणत फोन ठेवतेस. म्हणून या वेळी लिहून विचारतो. कागदावर तरी तुला कुठेतरी पूर्णविराम द्यावा लागेल.

प्रश्न गाडीचा आहे. आपली शवगाडी आता दोन वर्षांची झाली. बांधावरून येणारा खारा वारा, बीटच्या हंगामात रस्त्यावरचा चिखल, आणि रंग काळा. काळ्या रंगाला काही म्हणजे काही लपवता येत नाही. बाबा अजूनही प्रत्येक अंत्यविधीच्या आधी तीन तास डब्यातलं मेण घासत बसतात. सुतारकाम बंद करून बारा वर्षं झाली, पण शवपेट्यांना लाखेचं पॉलिश करणारा तो हात त्यांना कुठेतरी चालवायचाच असतो. आता शहात्तर वर्षांचे आहेत. ऑगस्टमध्ये एका आठवड्यात तीन अंत्यविधी आले, तर नंतर दोन दिवस त्यांचा खांदा वर होईना. मी म्हटलं, "बाबा, पुरे करा." तर म्हणाले, "मेलेल्याला घाई नसते, तुलाच असते."

आणि हूझुमच्या त्या मोठ्या अंत्यविधी कंपनीच्या राखाडी गाड्या आता आपल्याही भागात फिरायला लागल्यात. तुला माहीत आहे, इथे गाडी गेलेल्या माणसाच्या फाटकासमोर शेवटची थांबते आणि सगळं गाव पाच मिनिटं तिच्याकडे बघत उभं राहतं. दुसरं बघायला असतं काय?

असं एखादं कोटिंग मिळालं, जे एकदा लावलं की वर्षभर टिकेल, तर बाबांचा खांदाही वाचेल. नेटवर शोधलं. एक दाढीवाला गृहस्थ बॉनेटवरून पाण्याचे थेंब घरंगळताना बघून रडला. खरंच रडला, आणि खाली त्याच बाटलीचं दुकान. 'दहा सर्वोत्तम' अशा याद्या तर इतक्या, की प्रत्येक यादीत पहिला कोणीतरी वेगळाच. केर्स्टिन बायकोच्या हक्काने म्हणाली, "एवढं कशाला? तुझी आतेबहीण प्रयोगशाळेत पाणी तपासते. ती काय खोटं सांगणार?"

तुमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाच्या त्रैमासिकात तुझ्या चाचणीवर छापलेलं असतं ना, 'बाटल्या दुकानातून विकत आणलेल्या, नावं झाकलेली, कोणाकडून काहीही घेतलेलं नाही', त्यावर माझा भरवसा आहे. एक नाव सांग. एकच.

तुझा टाडे


ल्यूबेक, १७ सप्टेंबर २०१८

प्रिय टाडे,

एकच नाव मागितलंस म्हणून एकच देते, आणि पूर्णविरामही देते: चार नंबर. सोबत त्रैमासिकाचं पान जोडलं आहे, त्यात नंबरापुढे नाव छापलेलं आहे. आम्ही मंडळात अजून त्याला चार नंबरच म्हणतो.

चाचणी कशी केली ते थोडक्यात सांगते, म्हणजे तुला माझ्या शब्दावर विसंबावं लागणार नाही. आठ कोटिंग्ज होती. मंडळाच्या सचिव गेझा ओलरोगे यांनी ती एकसारख्या तपकिरी बाटल्यांत ओतली आणि नंबर टाकले. कोणती कुठली हे मला माहीत नव्हतं. भंगारातून आणलेल्या एका काळ्या बॉनेटवर चिकटपट्टीने आठ पट्टे आखले आणि एकेक लावत गेले. मग चार महिने ते बॉनेट माझ्या गॅलरीत ऊन, पाऊस, कबुतरं सगळं सोसत पडलं होतं. शेजाऱ्यांना वाटत होतं की मी हळूहळू एक पूर्ण गाडी वर आणते आहे.

चार नंबर सर्वांत जास्त टिकलं. थंड दिवशीही सहज बसतं. पाच अंशांच्या वर कुठेही चालेल असं बाटलीवर लिहिलं आहे, म्हणजे तुमच्या शेडमध्ये ऑक्टोबरात हरकत नाही. लावायचं, एक मिनिट थांबायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं. मामाच्या हातासमोर हे काहीच नाही.

मामाला माझा नमस्कार सांग. मेणाचा डबा मात्र फेकू देऊ नकोस, तो रुसेल.

तुझी लेव्हके


नीएनकोग, २८ ऑक्टोबर २०१८

लेव्हके,

हे पत्र तीनदा सुरू केलं. तुला दोष द्यायचा नाही, हे आधीच सांगतो.

चार नंबर आणलं. बाबांनी आधी नाक मुरडलं. मी म्हटलं, "लेव्हकेने तपासलंय." मग म्हणाले, "तर मग आण इकडे." दहा तारखेला त्यांनी एकट्याने सगळी गाडी केली. बारा तास कोरडी ठेवायची म्हणून शेडच्या दाराला कुलूप लावून किल्ली उशाशी घेऊन झोपले. दिव्याखाली आम्हाला काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंट्ये केटेल्सन बाईंचा अंत्यविधी. तुला आठवत असतील, तुलाही त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे आलेली असताना पाढे म्हणायला लावले होते. अख्ख्या नीएनकोगला त्यांनी शिकवलंय, त्यामुळे अख्खं नीएनकोग उभं. फाटकासमोर गाडी थांबली, आणि नेमकं ढग फाटून तिरपं ऊन आलं. लेव्हके, गाडीच्या सगळ्या अंगावर चट्टे. तेलाचे थेंब कातडीखाली गोठावेत तसे. दारावर, मागच्या खांबांवर, सगळीकडे. ओके पेटर्सन, तो पलीकडच्या गावातला गॅरेजवाला, अगदी खालच्या आवाजात पण सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "फोल्कर्ट, गाडी कात टाकतेय का तुझी?" लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. दफनानंतरच्या कॉफीला आणि लोण्याच्या केकला बाबा आलेच नाहीत.

त्यांनी ते चट्टे घासून काढायचा प्रयत्न केला. सुतारकामातली जुनी घासायची पेस्ट घेऊन, न विचारता. मागच्या दाराच्या कडेला रंग संपूर्ण उडाला, खालचा करडा थर दिसतो. ज्या माणसाने पन्नास वर्षांत एका पेटीचा कोपरा उडवला नाही, त्याने.

मग मी बोललो. बोलायला नको होतं तसं बोललो. म्हटलं, "बाबा, सूचना वाचल्या होत्यात का?" म्हणाले, "वाचल्या." म्हटलं, "कळल्या होत्या का?" त्यावर त्यांनी एप्रन काढून खिळ्याला अडकवला. तेव्हापासून जेवणापुरते बोलतात.

तू लिहिलंस 'सहज बसतं', आणि तू काही मोघम लिहिणारी नाहीस. म्हणजे दोष हाताचा. डोळ्यांचाही असेल. केर्स्टिनला वाटतं की डोक्याचा. गेल्या महिन्यात ते दोनदा पिठाची पिशवी दुकानातच विसरले. एकवीस नोव्हेंबरला डॉक्टरांकडे स्मरणशक्तीच्या तपासणीची वेळ घेतली आहे. गाडीला हात लावायचा नाही असं मी सांगितलं, आणि गाडी चालवण्याचंही बघू म्हटलं.

तू असतीस तर काय केलं असतंस? यात तरी दुसरी बाजू सांगू नकोस.

टाडे


ल्यूबेक, ४ नोव्हेंबर २०१८

प्रिय टाडे,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. मामाचा चेहरा डोळ्यासमोर आला.

चट्टे निघतात. कडक झालेलं कोटिंग यंत्राने, अगदी बारीक पॉलिश वापरून काढावं लागतं. हाताने घासायला जाऊ नका. दाराची कड मात्र रंगवूनच घ्यावी लागेल. सोबत पॉलिशचं नाव लिहिलं आहे. यात माझी काही चाचणी नाही, एका रंगाऱ्याला विचारून लिहिते आहे.

मला काही गोष्टी कळवशील? त्या दिवशी शेडमध्ये तापमान किती होतं? धुकं होतं का? मामाने एका वेळी किती भाग केला? चट्टे सगळीकडे सारखेच आहेत, की सुरुवातीला कमी आणि नंतर जास्त?

डॉक्टरांकडे जायला हरकत नाही, पण लगेच निष्कर्ष काढू नकोस. पिठाची पिशवी मीही विसरते. अशी कोटिंग्ज कधी कधी लहरी असतात.

तुझी लेव्हके


नीएनकोग, ११ नोव्हेंबर २०१८

लेव्हके पोरी,

टाडेने तुझं पत्र टेबलावर उघडं ठेवलं होतं. मी वाचलं. तू त्याला विचारलंस, पण त्या दिवशी तो शेडमध्ये नव्हता. मी होतो. म्हणून मी लिहितो.

तापमान नऊ अंश. धुकं नव्हतं, पण हवा दमट होती. आमच्याकडे ती नेहमीच असते. एका वेळी दोन हात लांब, एक हात रुंद एवढाच भाग घेतला. मिनिट घड्याळावर मोजलं. फडकं दर भागाला नवं. पुसताना फडकं अडखळत होतं, पॉलिश सुकायला लागलं की अडखळतं तसं. मला वाटलं, आपला हात जड झाला.

चट्टे पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत सारखे आहेत.

मला एकच विचारायचंय. तू ते लावलंस तेव्हा तुलाही असं झालं होतं का? हो किंवा नाही.

नाही म्हणालीस, तर दोष माझा. मग टाडेला त्रास देणार नाही. गाडीच्या किल्ल्या देईन, लायसन्सही हूझुमच्या कचेरीत नेऊन देईन. स्वतःहून दिलं तर ते वर्षभराचा बसचा पास देतात, असं ऐकलंय. ज्या माणसाला आपला हात चुकतोय हे कळत नाही, त्याने लोकांच्या आयांना आणि बायकांना शेवटच्या रस्त्यावर नेऊ नये.

तू सांगशील ते मी मानेन. तू कोणाचं काही घेत नाहीस.

फोल्कर्टमामा


ल्यूबेक, १६ नोव्हेंबर २०१८

प्रिय मामा,

हो.

तू एका शब्दाचं उत्तर मागितलं होतंस, म्हणून आधी ते दिलं. आता बाकीचं. बाकीचं सांगितलं नाही, तर तो एक शब्दही मी स्वतःला बरं वाटावं म्हणून वापरल्यासारखा होईल.

गेल्या वर्षी नाताळात चार नंबर बनवणाऱ्या कंपनीच्या लास्सान नावाच्या माणसाने मला एक खोकं पाठवलं. बरोबर हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. त्यात लिहिलं होतं की इतकं काटेकोर लिखाण त्याने या क्षेत्रात दुसरीकडे कुठे वाचलं नाही, आणि मी त्यांच्या मालाला कमी गुण दिले तरी तो माझं लिखाण वाचत राहील. मामा, अकरा वर्षं मी ते पान लिहिते आहे. त्या चिठ्ठीआधी मला आलेलं एकमेव पत्र म्हणजे स्वल्पविरामाबद्दलची एक तक्रार.

खोकं मी परत पाठवलं. सगळ्या बाटल्या परत केल्या, टपालाची पावती ठेवली, मंडळाच्या बैठकीत तसं सांगितलंही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फक्त हात धुण्याच्या साबणाची एक बाटली ठेवून घेतली. माझं म्हणणं असं, की साबण म्हणजे काही गाडीचा माल नाही. ती स्वयंपाकघरात बेसिनजवळ होती. त्याला मार्झिपानचा, त्या बदामाच्या मिठाईचा वास होता, आणि तीन महिने मी रोज त्याने हात धुवत होते.

एप्रिलमध्ये चाचणी होती. गेझाबाईंनी बाटल्यांवर फक्त नंबर टाकले होते. चार नंबरचं झाकण उघडलं, आणि मार्झिपान. त्या क्षणी मला कळलं की ही कोणाची बाटली. तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. मनाशी म्हटलं, कळलं म्हणून काय झालं, मी तर उलट जास्तच कडक राहीन.

त्या दिवशी गॅरेजमध्ये नऊ अंश होते. चार नंबरच्या पट्ट्यावर चट्टे आले. तू वर्णन केलेस तसेच. फडकंही अडखळलं. आणि मी म्हटलं, माझं फडकं दमट असणार. पुसायच्या आधी मी जरा जास्तच थांबले असेन. दुसऱ्या दिवशी मंडळाचा गरम केलेला हॉल उघडून घेतला, तो पट्टा साफ केला आणि पुन्हा लावला. तेव्हा छान बसलं. मग लिहिलं, 'थंड दिवशीही सहज बसतं.' ते वाक्य माझं नाही. ते बाटलीवरचं आहे.

दोन नंबरवरही थोडे चट्टे आले होते. त्याचे मी गुण कापले. त्याला दुसऱ्या दिवशी गरम हॉलमध्ये नेलं नाही. आठांपैकी दुसरी संधी एकालाच मिळाली.

मी विकली गेले का, हे मी स्वतःला गेले सहा महिने विचारते आहे, आणि दरवेळी मला सोयीचं असं उत्तर सापडतं. मी खोटं लिहिते आहे असं मला एकदाही वाटलं नाही. हीच गोष्ट मला जास्त छळते. एखाद्या माणसाला आपण आवडतो हे कळलं, की त्याच्या मालातला दोष आपल्याला आपलाच वाटायला लागतो.

टाडेचं ऑक्टोबरचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. चार तारखेच्या उत्तरात मी त्याला तापमान विचारलं, पण माझं सांगितलं नाही. 'लहरी' असा शब्द वापरला. तुझं पत्र आल्यावर गेझाबाईंना बोलावलं, नाकाला चिमटा लावून, बाटल्यांचे नंबर बदलून, नऊ अंशांत तीनदा तीच चाचणी केली. तीनही वेळा चट्टे. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तेवढा वेळ न घेता आधी फोन करायला हवा होता. दोनदा उचललाही. पण तुमच्याकडे फोन टाडे उचलतो, आणि त्याला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

तुझा हात चुकला नव्हता. हात माझाही चुकला नव्हता. लेखणी चुकली.

त्रैमासिकाला दुरुस्ती पाठवली आहे. हे पत्र टाडेला दाखव.

लेव्हके


नीएनकोग, २२ नोव्हेंबर २०१८

लेव्हके,

तुझं पत्र सोमवारी दुपारी आलं. बाबा सोमवारी सकाळच्या शाळेच्या बसने हूझुमला गेले होते. मला वाटलं चष्म्यासाठी. दुपारी परत आले ते लायसन्स देऊन, सही करून, हातात बसचा पास घेऊन. आठवडाभर तुझं उत्तर आलं नाही, तेच त्यांनी 'नाही' धरलं होतं. तुझं पाकीट त्यांनी दारातच कोटासकट उभं राहून फोडलं. दोनदा वाचलं. मग माझ्याकडे देऊन म्हणाले, "तुझ्यासाठीपण आहे."

कचेरीत फोन केला. दिलेलं परत मिळत नाही. नव्याने अर्ज, डोळे, डॉक्टर, कदाचित परीक्षा. बाबा म्हणाले, "शहात्तराव्या वर्षी मी काही त्या मुलांबरोबर बाकावर बसायचो नाही." आमच्याकडून बस दिवसातून दोनदा जाते, आणि शाळेला सुट्टी असली की तीही नाही. हे तुला माहीत आहे.

फोन का केला नाहीस? एक फोन, लेव्हके. मी उचलला असता, ओरडलो असतो, आणि रविवारपर्यंत सगळं संपलं असतं. तुझ्या तीन चाचण्या झाल्या तोवर इथे एका माणसाने स्वतःच्या विरोधात सही केली.

मीही काही कमी नाही. 'कळल्या होत्या का' असं मीच विचारलं होतं. रात्र रात्र तेच ऐकू येतं.

बुधवारी डॉक्टरांकडे गेलो. घड्याळ काढायला सांगितलं, उलटे आकडे म्हणायला लावले. डॉक्टर म्हणाली, "यांना काय झालंय? तुम्ही का आणलंत?" बाबा म्हणाले, "मुलाला फिरायला आणलं होतं."

मी त्यांना म्हटलं, आता झालं ना, लेव्हकेने लिहून दिलंय. तर म्हणाले, "पत्र खणात आहे. फाटकासमोर जे उभे होते त्यांनी खण वाचलेला नाही." तीस तारखेला अग्निशमन दलाचं वार्षिक जेवण आहे, हिरव्या कोबीची भाजी आणि सॉसेज, सगळा गाव असतो. ते जाणार नाही म्हणतात. गेली एकोणपन्नास वर्षं त्यांनी एकदाही चुकवलं नाही.

तुला ये म्हणत नाही. कळवलं.

टाडे


ल्यूबेक, २५ नोव्हेंबर २०१८

टाडे,

येते. शुक्रवारी दुपारच्या गाडीने. जेवण वाढायच्या आधी उभी राहीन, नंतर राहिले तर लोकांना वाटेल की दारू बोलते आहे.

मामाला सांग, तो आला नाही तरी मी बोलेन. पण तो नसताना बोलणं म्हणजे पुन्हा त्याच्या पाठीमागे बोलल्यासारखंच.

फोनबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे.

त्रैमासिकाच्या संपादकांनी दुरुस्ती छापायचं कबूल केलं, मार्चच्या अंकात, चार ओळी. पान मी सोडलं. ते म्हणाले, "एका साबणासाठी?"

लेव्हके


नीएनकोग, ९ डिसेंबर २०१८

लेव्हके,

तू बोलून झाल्यावर ताट न उचलता शेवटच्या बसकडे पळालीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. सांगतो. आवडणार नाही, पण शेवटपर्यंत वाच.

तू चांगलं बोललीस. सगळं सांगितलंस, साबणासकट. बाबा केर्स्टिनच्या शेजारी बसले होते, ताटाकडे बघत. तू गेलीस. मग ओके पेटर्सनने बीअरचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "बरी आहे तुझी भाची, फोल्कर्ट. मामासाठी एवढं कोण करतं? माझी असती तर मीही तिला शंभर खोट्या गोष्टी माफ केल्या असत्या."

मी उठलो. बाबांनी माझी बाही धरली.

"ती खरं बोलली, ओके," मी म्हटलं.

"असेल. पण ती त्याची भाची आहे रे. तिचं मी कसं मोजू?" तो वाईट हेतूने म्हणत नव्हता, हेच जास्त लागलं. आणि बरेच जण माना डोलवत होते. तुला कळलं का? त्रैमासिकात तू लिहिलंस ते सगळ्यांनी मानलं असतं. तिथे उभं राहून, नाक लाल करून जे सांगितलंस ते नातेवाइकाचं प्रेम झालं. मीही पुढे वाद घातला नाही. बाबांनी कोबी संपवला, बटाटेही, आणि घरी आले.

मला वाटलं, संपलं, आता हा माणूस मार्चपर्यंत खिडकीत बसेल.

शनिवारी सकाळी, म्हणजे काल, ते न्याहारी न करता उठले आणि सायकलवर बसून गेले. सात किलोमीटर, समोरून वारा. ओकेच्या गॅरेजवर. तासाभराने दोघे ओकेच्या ट्रकमधून परत आले, सायकल मागे टाकलेली. वाटेत आणखी चार-पाच जणांना उचललेलं. अग्निशमन दलाचा प्रमुख ब्रोडर येस्सनही. मी शेडचं दार उघडलं तेव्हा आत सात अंश होते.

बाबांनी ओकेच्याच भंगारातलं एक काळं दार आणलं होतं. ते बाकावर ठेवलं. चार नंबरची अर्धी उरलेली बाटली शेजारी, फडक्यांची घडी, आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवून समोर. मग म्हणाले, "ओके, तू रोज रंगाचं काम करतोस. चौतीस वर्षांचा आहेस. माझा तू कोणी लागत नाहीस. तू लाव."

"मी कशाला?"

"माझा हात म्हातारा आहे. तुझा बघू."

लोक हसले. ओकेने जाकीट काढलं. सूचना मोठ्याने वाचल्या, ब्रोडरने मिनिट मोजलं. ओकेला काम येतं, हे मान्य करायलाच हवं. हात सपाट, दाब सारखा, फडकं बदललं. पुसताना एकदा फडकं अडखळलं, आणि मी बाबांकडे बघितलं. बाबा हात मागे बांधून उभे होते, दाराकडे नाही, ओकेच्या मनगटाकडे बघत, जुन्या काळी शिकाऊ सुताराकडे बघायचे तसे.

दिव्याखाली काही दिसलं नाही. मग चौघांनी ते दार उचलून अंगणात नेलं. ऊन नव्हतं, पण बांधाच्या बाजूचं आभाळ पांढरं होतं आणि ते पुरलं. चट्टे. वरपासून खालपर्यंत. केटेल्सन बाईंच्या फाटकासमोर होते तसेच.

ब्रोडरने दारावर बोट फिरवलं आणि पँटला पुसलं. ओके वाकून बघत राहिला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. त्याचे कान लाल झाले होते.

"थांब, फोल्कर्ट," तो म्हणाला. "माझंच काहीतरी चुकलं. आज हात बसला नाही बहुतेक."

बाबांनी मागे बांधलेले हात सोडले.

"हं," ते म्हणाले. "मलाही तसंच वाटलं होतं."

टाडे